अंधांच्या हाती ग्रंथ



देवालयाच्या पायरीवर बसलेल्या अंधाच्या हातावर नाणे ठेवून पुढे जावे, ही आपल्याकडील जुनी रीत. त्या हाताची बोटे वाचू शकतात, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी येते.

फ्रान्समधील लुई ब्रेल याचा जन्म १८०९ सालचा. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या खोगिरे बनविण्याच्या कार्यशाळेत अवजार डोळ्याला लागले आणि पुढे त्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. याच मुलाने १८२४ साली सहा उठावदार टिंबांची लिपी सिद्ध केली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ स्वीकारली गेली आणि मराठीही त्या परिवारात आली. २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालया’ने ब्रेल व बोलकी पुस्तके घरबसल्या उपलब्ध करून दिली. त्याच वर्षीच्या अपंग हक्क कायद्याने चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या बालकास विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला.

एवढे असूनही दृष्टिहीन मूल दैवगती मानून घरी बसविले गेले, तर कायदा व ग्रंथ दोन्ही व्यर्थ होत. अशा मुलाला शाळेच्या दारापर्यंत नेणे, हे प्रत्येक कुलाचे कर्तव्य आहे.

देवस्थानालाही थोडे करता येईल: आरतीसंग्रहाची एक ब्रेल प्रत ठेवावी आणि मंददृष्टी भाविकांसाठी पायऱ्यांच्या कडांवर ठळक रंगाचा पट्टा ओढावा. नाण्याने एक दिवस सरतो. अक्षराने आयुष्य उभे राहते.