छपराचे पूल



पुलावर छप्पर कशाला घालायचं? वाटसरूला ऊन-पावसात आडोसा मिळावा म्हणून, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मॅडिसन काउंटीत ते घातलं गेलं ते खुद्द पुलाच्या रक्षणासाठी. पुलाच्या तळाचं जाडजूड लाकूड महाग पडायचं. भिंतींच्या आणि छपराच्या फळ्या त्यामानानं स्वस्त. कुजल्या तर काढून नव्या ठोकायच्या. एकोणिसाव्या शतकातल्या कारभाऱ्यांचा हा हिशेब चोख होता.

काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा घटक. ही मक्याच्या शेतांची काउंटी; मुख्य गाव विंटरसेट. इथे असे 19 पूल होते. आत शिरलं की दोन्ही बाजूंना एकमेकींना छेद देत गेलेल्या फळ्यांची जाळी दिसते. सारं वजन ती जाळी पेलते. पुलाला नाव बहुधा लगतच्या शेतकऱ्याचं. होलिवेल पूल 1880चा, 122 फूट लांब, रोझमन 1883चा. आज 19 पैकी 6 उरले आहेत. 1983 साली मॅकब्राइड पूल कुणीतरी पेटवून दिला, तो कायमचा गेला.

याच पुलांभोवती गुंफलेली रॉबर्ट जेम्स वॉलर यांची कादंबरी आली 1992 मध्ये आणि तिच्यावरचा क्लिंट ईस्टवूड, मेरिल स्ट्रीप यांचा चित्रपट 1995 मध्ये. त्यामुळे पूल जगभर पोचले. पण गावकऱ्यांना त्यांची किंमत आधीच कळली होती. 1970 सालीच कटलर-डोनाहो पूल नदीवरून उचलून विंटरसेटच्या बागेत आणून ठेवला गेला. पुलांचा वार्षिक उत्सवही त्याच वर्षी सुरू झाला. नव्वदीच्या दशकात सहाही पुलांच्या डागडुजीवर 30 लाखांहून अधिक डॉलर खर्च झाले.

खरी कसोटी लागली ती सीडर पुलावर. बेंटन जोन्सनं 1883 मध्ये बांधलेला हा पूल सप्टेंबर 2002 मध्ये जळाला. मूळ आराखड्याबरहुकूम, जुन्याच पद्धतीनं तो पुन्हा उभारला गेला आणि 2004 मध्ये खुला झाला. एप्रिल 2017 मध्ये त्याला पुन्हा आग लावली गेली. छपराच्या पुलांपैकी मोटारींना मोकळा असा हा एकच उरला होता. लोकांनी वर्गणी गोळा केली आणि 2019 मध्ये तिसरा सीडर पूल उभा राहिला.

मूळ लाकूडच गेलं, म्हणून ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आता सीडरचं नाव नाही. उरलेल्या पाचांचं आहे. नोंदवहीचा नियम आपल्या जागी बरोबर असेल. पण जोन्सच्या पद्धतीनं फळी कशी जोडायची, हे एकविसाव्या शतकातल्या सुतारांनी दोनदा करून पाहिलं. आगीनंतर तिथे काँक्रीटचा पूल टाकणं सोपं होतं. तो टाकला नाही, याचं मोल नोंदवहीतल्या नावाहून कमी नाही.

विंटरसेट हे नाव मराठी वाचकांना तसं परकं नाही. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ घराघरांत वाचलं गेलं आहे. त्या पुस्तकाचे नायक, कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिक्षणाच्या शोधात याच गावी आले, हॉटेलात स्वयंपाकी म्हणून राबले. इथल्याच मिलहॉलंड दांपत्यानं त्यांना सिम्प्सन कॉलेजात जाण्याचा आग्रह धरला आणि 1890 मध्ये ते तिथे दाखल झाले. गावानं त्यांच्या नावे छोटी बागही राखली आहे.

अमेरिकेच्या त्या भागात कुणाची लेक-सून, मुलगा-जावई राहत असतील, तर त्यांना जरूर कळवा. उत्सव ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याअखेरीस भरतो. पूल तर पाहावेतच, पण कार्व्हरच्या बागेतही थोडा वेळ थांबावं.