आजारी माणसाचा प्रवास

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे महाराष्ट्रातील अनेक घरांतून दक्षिणयात्रेचे बेत सुरू होतात. मदुराई, रामेश्वर, श्रीरंगम ही नावे त्यांत येतात, आणि त्यांच्या जोडीने तंजावरचे नाव हटकून येते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे आपले राज्य स्थापिले, आणि त्या घराण्याची गादी 1855 पर्यंत टिकली. म्हणून मराठी माणसाला तंजावर हे कधी अगदी परके गाव वाटत नाही. परंतु बेत असा रंगात आला असतानाच घरातील कोणीतरी एक प्रश्न हळूच पुढे करतो: आजीचे काय करायचे?

अशा एखाद्या कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. आजीचे वय शहात्तर. गुडघे संधिवाताने धरलेले, मधुमेह जुना, आणि गेल्या पावसाळ्यातील दुखण्यातून ती नुकती कोठे सावरत आहे. घरात ती भिंतीच्या आधाराने फिरते. अंगणापर्यंत काठी पुरते. त्यापुढे धाप लागते. मुलगा म्हणतो, "आई, तू या खेपेस घरीच थांब. मावशीला सोबतीला बोलावू." नातू म्हणतो, "आजीसाठी चाकाची खुर्ची घेऊ, म्हणजे झालं." सून तेवढी नवऱ्याला विचारते, "अहो, पण आईंना विचारलं का कुणी?" माया तिघांच्याही बोलण्यात आहे. पण मुलाने आजीला वगळून प्रश्न सोडविला, नातवाने तिच्यासाठी वस्तू विकत घेऊन सोडविला; जिच्या पायांचा हा प्रश्न, तिच्याकडे वळली ती सूनच. साधनाची निवड येथूनच सुरू व्हावयास हवी.

आजारी माणसाला चालण्यासाठी कोणते साधन द्यावे, याचा विचार बहुधा दुकानात होतो. वास्तविक तो दोन ठिकाणी व्हावा: प्रथम वैद्याच्या अथवा व्यायामोपचार करणाऱ्या जाणत्याच्या समोर, आणि मग ज्या गावी जायचे त्या गावच्या जमिनीवर. काठी, वॉकर आणि चाकाची खुर्ची ही एकाच शिडीच्या चढत्या पायऱ्या नव्हेत. प्रत्येकीचे काम निराळे आहे. काठी तोल सांभाळते आणि एका पायावरचा थोडा भार घेते. हात सरळ सोडला असता मनगटाची घडी जेथे येते, तेथे तिची मूठ यावी. म्हणजे टेकताना कोपर किंचित वाकलेले राहते. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एवढा नियम पाठ असला तरी अनेक पडझडी टळतात. वॉकर काठीहून अधिक आधार देतो. पण तो दोन्ही हात अडकवून ठेवतो, आणि पायऱ्यांशी त्याचे जमत नाही. चाकाची खुर्ची धाप लागणाऱ्याला लांबचा पल्ला देते. मात्र उंबरा आला की तिला दुसऱ्याचे हात लागतात.

आता तंजावरची जमीन पाहावी. राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेले बृहदीश्वराचे मंदिर 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याचे आवार सुमारे 240 मीटर लांब आणि 120 मीटर रुंद आहे. निरोगी माणसाला ही एक फेरी वाटते. आजीच्या गुडघ्यांना ती कोसाची वाट होय. दोन गोपुरे ओलांडून आत गेले की विस्तीर्ण फरसबंदी लागते. तेथे खुर्चीचा खरा उपयोग आहे. पुढे प्रचंड नंदी उंच चौथऱ्यावर बसलेला, आणि गर्भगृहाकडे जायला उंच पायऱ्या. तेथे खुर्ची थांबते आणि काठीचे काम सुरू होते. म्हणून तंजावरला जाणाऱ्याने काठी की खुर्ची असा वाद घालीत बसू नये. खुर्ची अंतरासाठी असावी, काठी पायऱ्यांसाठी. आणि ज्या पायऱ्या झेपणार नाहीत, त्या सोडून देण्याचा मोकळेपणा दोन्हींच्या जोडीला असावा.

मंदिरात पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात, ही गोष्ट लहान दिसते. ती लहान नाही. मधुमेहाने ज्यांच्या तळपायाची संवेदना मंदावली आहे, त्यांना दुपारी तापलेल्या दगडाचा चटका जाणवत नाही. फोड मात्र येतो, आणि तो लवकर बरा होत नाही. अशा यात्रेकरूने सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर जावे, आणि जाड पायमोजे चालतील की नाही, याची दारातच चौकशी करावी. दिवाळीच्या सुमारास त्या प्रांतात ईशान्येकडील मोसमी पाऊस असतो. पावसाची सर येऊन गेली की तोच दगड निसरडा होतो. काठीच्या टोकाचे रबर झिजलेले असेल, तर ते निघण्यापूर्वी बदलावे. शिवाय जोड्यांसह मोजलेली काठी अनवाणी पायांना किंचित उंच पडते. उंची कमीजास्त करता येणारी काठी येथे उपयोगी ठरते.

खुर्ची निवडतानाही जमीन विसरू नये. चार लहान चाकांची हलकी खुर्ची मोटारीत चटकन मावते, परंतु फरशीच्या सांध्यात तिचे चाक अडते आणि बसलेल्याला पुढे हिसका बसतो. मागे मोठी चाके असलेली खुर्ची ओबडधोबड वाटेवर अधिक भरवशाची, आणि हातांत बळ असेल तर बसलेल्याला ती स्वतः हलविता येते. साधी लोखंडी खुर्ची पंधरा ते वीस किलो भरते. ती मोटारीत कोण उचलणार, हे घरीच ठरावे. बैठक कमरेहून थोडीच रुंद असावी, पाय टेकायला फळ्या असाव्यात, खाली चांगली गादी असावी, आणि बसलेल्याने अधूनमधून अंग उचलून बैठक बदलावी. उतारावर खुर्ची उलटी धरून, मागे पाहत उतरवावी. आणि मुक्कामाच्या खोलीची चौकशी करताना भाड्याबरोबर न्हाणीघराच्या दाराची रुंदीही विचारावी. खुर्ची सुमारे पासष्ट सेंटिमीटर रुंद. दार त्याहून अरुंद निघाले, तर प्रवासातील सर्वांत अवघड पाऊल देवळात पडत नाही, तेथेच पडते.

घडीची खुर्ची निर्माण कशी झाली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील हर्बर्ट एव्हरेस्ट या अभियंत्याला खाणीतील अपघातात अपंगत्व आले. जुनी अवजड खुर्ची त्याला मोटारीत घालून नेता येईना. 1930 नंतरच्या काही वर्षांत त्याने हॅरी जेनिंग्ज या अभियंता मित्राच्या साहाय्याने घडी होणारी धातूची खुर्ची बनविली. ज्याला बसायचे होते, त्याच्याच गरजेतून ती घडली. साधनांच्या इतिहासातील हा धडा घरातल्या निवडीलाही लागू पडतो.

आजारी प्रवाशाचा विचार तंजावरला नवा नाही. सरफोजीराजे दुसरे, ज्यांचे नाव सरस्वती महाल ग्रंथालयाशी कायमचे जोडले गेले आहे, त्यांनी 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटास एक पत्र लिहिले. आपल्या राज्यात रामेश्वराच्या वाटेवर असलेल्या अन्नछत्रांची व्यवस्था त्यांनी त्यात वर्णिली आहे. तेथे येणाऱ्या सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळे, हे तर त्यात आहेच. पण वाटेत कोणी आजारी पडला, तर त्याला औषध आणि पथ्याचे अन्न देऊन, बरा होईपर्यंत आदराने आणि मायेने त्याची शुश्रूषा केली जाई, असेही राजांनी आवर्जून नमूद केले आहे. औषध आणि पथ्य यांच्या बरोबरीने आदराचा उल्लेख करावा असे एका राज्यकर्त्याला वाटले, हे विशेष होय. आपल्या देशात 2016 साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, आणि सार्वजनिक स्थळे सर्वांना सुगम असावीत, हा आता हक्काचा भाग ठरला आहे. परंतु उतरंड बांधून देणे कायद्याला शक्य आहे. आदर ज्याचा त्यानेच द्यावयाचा असतो.

तो आदर बारीकसारीक गोष्टींत दिसतो. खुर्ची ढकलण्यापूर्वी "निघूया का?" असे विचारावे. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून गप्पा मारू नयेत; काही सांगायचे तर समोर येऊन, डोळ्यांच्या पातळीला वाकून सांगावे. दुकानदार नातवाला विचारतो, "आजींना कोणता रंग हवा?" तेव्हा नातवाने आजीकडे पाहावे आणि उत्तर तिला देऊ द्यावे. पाय दुबळे झाले म्हणून आवडनिवड दुबळी होत नाही. खुर्चीत बसवलेल्या माणसाला सर्वांत जास्त टोचते ते सामानासारखे नेले जाणे. पुष्कळ वृद्ध माणसे खुर्ची नाकारतात, ती हट्टाने नव्हे, याच भयाने.

त्या कुटुंबाने शेवटी आजीलाच विचारले. ती म्हणाली, "मला देऊळ सगळं नाही बघायचं. आपलं मराठी तिथं भिंतीवर कोरलंय म्हणतात, तेवढं बघायचंय. पायऱ्या तुम्ही चढा." सरफोजीराजांच्या आज्ञेने 1803 मध्ये कोरलेला भोसले वंशाचा तो दीर्घ मराठी लेख मंदिराच्या आवारातच, नैर्ऋत्येच्या बाजूस आहे. एवढे कळल्यावर बाकीचे सारे सोपे झाले. मोठ्या चाकांची खुर्ची भाड्याने ठरली; घरची काठी रबर बदलून बरोबर घेतली; वेळ सायंकाळची धरली. राजवाड्यातील मनोऱ्यांचे अरुंद जिने बेतातून वगळले आणि तेथील ग्रंथसंग्रहासाठी पुरेसा वेळ राखला.

अशा प्रवासात संध्याकाळी घरची मंडळी पायऱ्या चढून दर्शनाला जातात, आणि आजी ओवरीशी, त्या भिंतीजवळ नातीबरोबर थांबते. खुर्चीचा अडथळा लावलेला, काठी मांडीवर. नात बोट ठेवून अक्षरे लावते, अडते. आजी एखादा शब्द सांगते. मंडळी परत येतात तेव्हा मुलगा विचारतो, "आई, दमलीस का? जायचं ना?" आणि आजी म्हणते, "थांब रे, ही ओळ पुरी होऊ दे."