सायकल, गुडघा आणि शाळा



आपल्या धाराशिव जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमांतर्गत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळते. वाडी-वस्तीवरील मुलीसाठी सायकल म्हणजे शाळेची वाटच होय. गुडघा दुखतो म्हणून सायकल बंद झाली, तर शाळाही सुटण्याचे भय असते.

पुष्कळदा दोष गुडघ्याचा नसून सीटच्या उंचीचा असतो. सीट फार खाली असल्यास गुडघ्याच्या पुढील, तर फार वर असल्यास मागील बाजूस वेदना होतात. बसून टाच सर्वांत खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा; म्हणजे चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. बालाघाटच्या चढावर जोर न लावता उतरून चालावे. मात्र सूज असल्यास, गुडघा अडकत असल्यास वा विश्रांतीतही दुखत असल्यास विनाविलंब तपासणी करून घ्यावी.

आम्ही हिशेब पाहणारी माणसे. जे काम साध्या पान्याने होते, त्यासाठी आपल्या देणगीतून क्ष-किरण चाचणीचा खर्च होऊ नये, असे आम्हांस वाटते. पालकांनी सायकल बंद करण्यापूर्वी सीट तपासावी, ही नम्र विनंती.