अनेकान्ताची एक प्रयोगशाळा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



अशा मंगल प्रसंगी अनेकान्ताचे गुणगान करणे सोपे असते. हत्ती आणि आंधळ्यांची कथा आपण पाठशाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु ज्या पक्षाच्या गोळीने आपल्या घरचे माणूस गेले, त्या पक्षाचाही 'नय' ऐकून घ्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर त्या कथेत मिळत नाही. ते शोधण्याचा एक प्रयत्न जैनेतरांनी, आपल्यापासून फार दूर केला. त्याचीच हकीकत आज सांगणार आहे.

फेब्रुवारी 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये पहिला बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर जॉन वॉलक या अमेरिकन पत्रकाराने मध्यपूर्वेतील राज्यकर्त्यांना गळ घातली, की तुमची काही मुले मला द्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इस्रायली, पॅलेस्टिनी आणि इजिप्शियन अशी 46 किशोरवयीन मुले अमेरिकेच्या मेन राज्यातील अरण्यात एकत्र राहिली. संस्थेचे नाव 'सीड्स ऑफ पीस', म्हणजे शांतीची बीजे. पुढे ओटिसफील्ड येथे सरोवराकाठी शिबिराला कायमचे ठिकाण मिळाले. 13 सप्टेंबर 1993 रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राबिन आणि अराफात यांनी हस्तांदोलन केले, तेव्हा ही पहिली तुकडी तेथे उपस्थित होती.

शिबिराची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. सर्वांना एकसारखा हिरवा सदरा. ज्याच्याविषयी केवळ भय बाळगले, तोच शेजारच्या खाटेवर निजलेला. पहिल्या रात्री कित्येकांना झोप येत नसे, असे तेथे जाऊन आलेले सांगतात. खेळ, पोहणे, नौकानयन हे सारे होतेच. पण खरे काम बंद दाराआड रोज दीड-दोन तास चाले. तेथे प्रशिक्षित संवादक बसत आणि मुले भांडत. होय, भांडत! एक बसमधील स्फोट सांगे, तर दुसरा तपासनाक्यावर ताटकळलेल्या आपल्या आजोबांचा अपमान. कोणाचे खरे, याचा निवाडा संवादक देत नसत. समोरच्याचे बोलणे पुरे होईपर्यंत ऐकणे, हीच तेथली साधना. आपण तिला सामायिक म्हटले तरी चालेल. फक्त येथे मौन ऐकणाऱ्याने पाळायचे होते.

2001 पासून या शिबिरात भारत आणि पाकिस्तान येथील मुलेही जाऊ लागली. आपल्या मुंबईची त्यांत होती. त्यातून निघालेले एक फळ मला फार मोलाचे वाटते. शिबिरात भेटलेल्यांपैकी काहींनी पुढे मोठेपणी दोन्ही देशांच्या शालेय पाठ्यपुस्तकांतील एकाच घटनेची वर्णने समोरासमोर मांडणारे पुस्तक सिद्ध केले. वंगभंगाचेच पाहा. आपल्या पुस्तकात तो फोडा-झोडा नीतीचा डाव असतो, पलीकडच्या पुस्तकात पूर्व बंगालच्या मुसलमानांना मिळालेली संधी. वाचणाऱ्या मुलाला कोणीही निष्कर्ष सांगत नाही. स्याद्वादाचा याहून सुबोध धडा मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू. असील असली हा इस्रायलमधील अरब मुलगा या शिबिराचा लाडका विद्यार्थी होता. 2 ऑक्टोबर 2000 रोजी गालिली भागातील त्याच्या गावाजवळ निदर्शने झाली, त्या वेळी तो पोलिसांच्या गोळीने मारला गेला. वय 17. अंगात तोच हिरवा सदरा होता. या मृत्यूबद्दल कोणावरही खटला चालला नाही. त्याच्या इस्रायली मित्रांपुढे तेव्हा कोणता प्रश्न उभा राहिला असेल?

टीकाकार म्हणतात, शिबिरात दोघे समान असतात, घरी परतल्यावर नसतात. एक अठराव्या वर्षी सक्तीने सैन्यात जातो, दुसरा परवान्यासाठी रांगेत उभा राहतो. मला हा आक्षेप रास्त वाटतो. ऐकून घेतल्याने अन्याय मिटत नाही, आणि अनेकान्त म्हणजे दोन्ही पारडी समान असल्याचे सोंगही नव्हे. तरीही शिकागो विद्यापीठातील दोन संशोधकांनी 2011 ते 2013 या वर्षांतील शिबिरार्थींचा जो अभ्यास केला, तो विचार करण्यासारखा आहे. परतल्यावर काही महिन्यांत मनातील बदल बराच ओसरला, पण पुरता नाहीसा झाला नाही. आणि ज्याने पलीकडच्या एका तरी मुलाशी घट्ट मैत्री केली, त्याचे मन अधिक बदललेले आढळले. एका मित्राचे एवढे मोल!

हे येथे सांगण्याचे कारण उघड आहे. वाशिम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराला 1981 पासून कुलूप होते. दावेदार कोणी परके नव्हते. दिगंबर आणि श्वेतांबर, दोघेही त्याच प्रभूचे उपासक. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दार उघडले, आणि काही दिवसांतच दोन्ही बाजूंचे लोक हातघाईवर आले. ज्यांच्याकडे 'मिच्छामि दुक्कडं' आणि 'उत्तम क्षमा' आहे, त्यांची ही कथा. (क्षमापनेची पत्रे आपण बहुधा ज्यांच्याशी भांडण नाही त्यांनाच पाठवतो, हेही जाता जाता नमूद करतो.) 1974 मध्ये विनोबांच्या प्रेरणेने सर्व पंथीयांनी मिळून 'समणसुत्तं' मान्य केले. ग्रंथ एक झाला. मुले मात्र आजही वेगवेगळ्या पाठशाळांत एकमेकांविषयी ऐकीव गोष्टी शिकतात.

म्हणून विश्वस्तांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. सुवर्णमहोत्सवी निधीतून दरवर्षी दिवाळीच्या सुटीत दहा दिवसांचे शिबिर भरवावे. दोन्ही आम्नायांची बारा-बारा मुले-मुली, वय 14 ते 16. निवास एकत्र असावा. पूजाविधी ज्याचा त्याने आपल्या पद्धतीने करावा. शास्त्रार्थ नको. प्रत्येकाने तीर्थांच्या वादाची समोरच्याची बाजू अशी मांडून दाखवावी, की समोरच्याने म्हणावे, हो, आम्हांला हेच म्हणायचे आहे. आणि शिबिर संपल्यावर वर्षभर दर महिन्याला त्यांची भेट घडवावी, कारण ओसरण्याचा धोका तेथेच आहे. खर्च फार नाही. अडचण पालकांची येईल, आणि ती पहिल्या वर्षी सर्वांत अधिक येईल. म्हणून पहिली नावे विश्वस्तांच्या घरांतून यावीत, अशी माझी विनंती आहे. माझ्या नातवाचे नाव मी आजच कार्यालयात देऊन जात आहे.

जय जिनेन्द्र.