एस्प्रेसो : वाफेची कॉफी व दाबाची कॉफी

'एस्प्रेसो' ह्या इटालियन शब्दांत 'दाबून काढलेलें' व 'तांतडीनें केलेलें' असे दोन्ही अर्थ ध्वनित होतात. ह्या कॉफीचा इतिहास म्हणजे त्या दोन अर्थांचाच झगडा होय. तांतडी आधीं साधली. चव मागाहून आली.

१८८४ सालीं इटलींतील तुरीन शहरीं मोठें प्रदर्शन भरलें. तेथील अँजेलो मोरिओंदो ह्या व्यावसायिकानें वाफेच्या साह्यानें कॉफी करणारें यंत्र त्यांत मांडलें व त्याचें पेटंटही घेतलें. हें यंत्र एका वेळीं पुष्कळ कॉफी करी; परंतु त्यानें तें विक्रीस काढलें नाहीं. यंत्र घरचें घरींच राहिलें आणि कर्त्याचें नांवही मागें पडलें.

पुढें १९०१ सालीं मिलानच्या लुईजी बेझेरानें एकेका पेल्यापुरती कॉफी काढण्याची युक्ति शोधली. दांड्याच्या लहान गाळणींत कॉफीची पूड भरून ती यंत्रास अडकवावयाची, कीं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेला भरे. देझिदेरिओ पावोनीनें हे हक्क विकत घेतले, आणि १९०६ सालच्या मिलानच्या प्रदर्शनांत हें यंत्र लोकांपुढें आलें. उभा, झगझगीत असा हा जणूं बंबच होता!

पण ह्या बंबांत एक मूळचाच दोष होता. दाब हवा तर वाफ हवी. वाफ हवी तर पाणी उकळीच्याही वर तापावयास हवें. अशा पाण्यानें कॉफी कडवट व करपट होई, आणि एवढें करूनही दाब मिळे तो हवेच्या दाबाच्या सुमारें दुप्पटच.

ही गांठ मिलानच्याच आकिल्ले गाज्जियानें सोडविली. १९३८ सालीं त्यानें पहिलें पेटंट मागितलें; १९४७ च्या सुमारास त्याचें तरफेचें यंत्र सिद्ध झालें. तरफ ओढली कीं स्प्रिंग आवळे. सोडली कीं तीच स्प्रिंग दट्ट्याला खालीं रेटी. आतां पाणी उकळीच्या खालीं ठेवूनही दाब ८ ते १० पट मिळूं लागला, आणि पेल्यावर सोनेरी साय धरली. हीच ती 'क्रेमा'.

१९६१ सालीं फाएमा कंपनीच्या 'ई ६१' यंत्रानें दट्ट्याचें काम विजेच्या पंपाकडे दिलें. उपाहारगृहांतील आजचीं बहुतेक यंत्रें त्याच वाटेनें चालतात. तापविणें व दाबणें हीं दोन कामें एकट्या वाफेवर सोंपविलीं होतीं, तोंवर एकही नीट झालें नाहीं. तीं निरनिराळीं होतांच अर्ध्या मिनिटांत पेला भरूं लागला, आणि घाईच्या पेयाला चव आली.