दुबईचा फ्लॅट, अणदूरचं शेत आणि सातबारावरची नावं

(अणदूर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या फाट्यावर उभं राहिलं की एक बस सोलापूरला जाते, एक हैदराबादला. त्याच बसमध्ये बॅग टाकून निघालेली आपली किती तरी पोरं पुढे दुबई, दोहा, रियाधला पोचली. त्यातलाच मी एक. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली आणि मग पाच वर्षं दुबईत सॉफ्टवेअरचं काम. 'परदेशात घर घ्यावं का' यावर मला बोलायला सांगितलंय. घ्यावं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी घेताना कुठे ठेचकाळलो तेवढं सांगतो.

आधी एक गंमत. २०१९ साली दुबईत मी परदेशी होतो, तरी तिथे पूर्ण मालकीचा फ्लॅट घेऊ शकत होतो. आणि ज्या गावात जन्मलो तिथे, हातात भारतीय पासपोर्ट असूनही, एक गुंठा शेतजमीन विकत घेऊ शकत नव्हतो. फेमा कायद्याखालच्या नियमांनुसार परदेशात राहणाऱ्या भारतीयाला इथे घर, दुकान, प्लॉट घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस, मळे घेता येत नाहीत. वडिलांनी बक्षीसपत्र करून द्यायचं म्हटलं तरी नाही. फक्त वारसाने येऊ शकते. हे मला शेताचा सौदा ठरल्यावर कळलं. त्या शेताकडे नंतर येतो.

दुबईचा कायदा २००६ चा, क्रमांक ७. परदेशी माणसाला शासकाने ठरवून दिलेल्या भागांतच मालकी मिळते, नाहीतर ९९ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा. म्हणून पहिला प्रश्न इमारत किती उंच हा नसतो, ती त्या भागात येते का हा असतो. हे दुबईचं झालं, सगळ्या आखाताचं नाही. कुवेतमध्ये आपल्यासारख्याला घर घेणं जवळपास अशक्य. सौदीचा नवा कायदा जानेवारी २०२६ पासून लागू झालाय, पण मक्का-मदिनेसाठी त्यात वेगळ्या अटी आहेत. त्यामुळे मक्केत फ्लॅट बुक करा असा मेसेज मामूंनी फॉरवर्ड केला, तर लगेच पैसे पाठवू नका.

माझी ठेच अशी. बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीत फ्लॅट पसंत केला. एजंट आपल्याच भाषेत बोलणारा, जुम्म्याला शेजारी उभा राहणारा. 'आज टोकन दिलं तर हा भाव' म्हणाला. मी पंधरा हजार दिरहम त्याच्या खात्यात टाकले. परत आले नाहीत. वाईट याचं वाटलं की कायदा माझ्या बाजूने होता आणि मी तो वाचलाच नव्हता. २००७ च्या कायद्याप्रमाणे अशा इमारतीचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच जायला हवेत. म्हणजे बँकेत वेगळं ठेवलेलं, त्याच बांधकामावर खर्च होणारं खातं. २००८ पासून अशा फ्लॅटची नोंद तात्पुरत्या रजिस्टरमध्ये करावी लागते, नोंद नसेल तर व्यवहार रद्दबातल. प्रकल्प खरा आहे का, काम किती झालंय, हे भूमी विभागाच्या 'दुबई रेस्ट' अॅपवर दिसतं. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणारा माणूस मी, आणि पाच मिनिटं ते अॅप उघडलं नाही.

दुसऱ्या वेळी तयार इमारतीतला फ्लॅट घेतला. हिशेब सांगतो, कारण जाहिरातीत हा येत नाही. समजा किंमत आठ लाख दिरहम. बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे एक लाख साठ हजार तुमच्या खिशातून. नोंदणी फी ४ टक्के, बत्तीस हजार. एजंटाचे साधारण २ टक्के, सोळा हजार. चावी हातात येईपर्यंत दोन लाख आठ हजार गेले, आणि दरवर्षीचा सर्व्हिस चार्ज वेगळा. व्याज नको असेल तर इस्लामी बँकांची इजारा पद्धत आहे, पण महिन्याचा हप्ता तिथेही शेजारी ठेवून मोजा. २००८ च्या मंदीनंतर तिथले भाव जवळपास निम्म्यावर आले होते आणि हप्ते मात्र तेवढेच राहिले, हेही ध्यानात असू द्या.

इथे राहूनच तिथे घर घ्यायचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बँकेतून पाठवता येतात. इथल्या बँकेचं कर्ज काढून नाही. आणि हुंडीने तर अजिबात नाही. त्यात दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो, आणि फेमाच्या कलम ३७ अ खाली परदेशातल्या बेकायदा मालमत्तेच्या किमतीएवढी इथली मालमत्ता जप्त होऊ शकते. तिथल्या फ्लॅटपायी अब्बांचं घर जाईल. तिथल्या कमाईतून रीतसर घेतलेलं घर मात्र परत आल्यावरही ठेवता येतं, विकावं लागत नाही. फक्त इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. मी २०२२ ला पुण्यात आलो, फ्लॅट अजून आहे.

आता शेत. माझ्या नावावर होत नाही म्हटल्यावर कुणी सुचवलं, दोस्ताच्या नावावर घे. पैसा माझा, नाव त्याचं, म्हणजे बेनामी. तो कायदा १९८८ चा, २०१६ ला कडक झाला. मग मी अकरा लाख अब्बांना दिले आणि अब्बांनी त्यांच्या नावाने दोन एकर घेतली. मनात मात्र मी ती माझीच म्हणत होतो. सुट्टीला आलो की बांधावर उभा राहून फोटो काढायचो.

२०२३ ला अब्बा गेले. वारसाचा फेरफार झाला आणि सातबारावर चार नावं आली. अम्मी, मी, दोन्ही बहिणी. चाचा म्हणाले, पोरींकडून हक्कसोड लिहून घे, पैसा तुझाच होता ना. मी कागद तयारही केला. थोरल्या आपाने तो वाचला आणि विचारलं, "तू अब्बांना पैसे दिलेस की उसने ठेवायला दिलेस?" मला उत्तर देता आलं नाही. आपण शरियतचं नाव घेतो आणि बहिणीच्या हिश्श्याची वेळ आली की स्टॅम्प पेपर आणतो. तो कागद मी फाडला. नावं चारच आहेत.

त्या रात्री दुबईच्या फ्लॅटचाही हिशेब केला. मला एक मुलगी. आज मी गेलो तर हनफी हिशेबाने बायकोला आठवा हिस्सा, अम्मीला सहावा, मुलीला अर्धा, आणि उरलेले चोविसात पाच बहिणींचे. बायको समजत होती, सगळा तिचा. फ्लॅट दोघांच्या नावावर असला तरी तिथे एकाचा हिस्सा दुसऱ्याला आपोआप जात नाही, वारसांत वाटला जातो. हयातीत बायको-मुलांच्या नावे बक्षीस करता येतं. आमचं घरात त्यावर बोलणं चालू आहे, अजून ठरलेलं नाही.

आपल्या गावचा खंडोबा दरवर्षी नळदुर्गला जातो, तेव्हा दोन गावांचे मानकरी लेखी करार करतात. देव न्यायला-आणायला कागद लागतो, आणि आपण सख्ख्या भावंडांत तोंडी ठेवतो.

आणि कागद म्हणजे नाव आलं. वारसाचं काम तिथे निघालं तर इथला मृत्यूचा दाखला अरबीत भाषांतर होऊन, शिक्के घेऊन तिथल्या कोर्टात जातो. माझ्या पासपोर्टवर जन्मठिकाण उस्मानाबाद, नव्या दाखल्यांवर धाराशिव. ते समजावता येतं. नावाची स्पेलिंग समजावता येत नाही. माझा चुलतभाऊ मागे बसलाय, पुढच्या महिन्यात दोह्याला निघालाय. दहावीच्या सनदेवर 'शेख', इंग्रजीत एका जागी 'आय', दुसऱ्या जागी 'ई', आणि आधारवर वडिलांचं नावच अर्धं. त्याला फ्लॅटचे भाव विचारायचेत. भाषण झाल्यावर आधी ते आधार घेऊन ये रे, मग भावाचं बघू.