मंत्रचळ व त्यावरील मानसोपचार

कडी लावलेली डोळ्यांना दिसते, हाताला लागते, तरी मन म्हणतें, "पुन्हां एकदां पाहा." देवघरांत बसलें असतां नको तो विचार उसळून येतो. असें केव्हां तरी कोणाला होत नाहीं? परंतु ज्याचे तासचे तास यांत जातात, त्याला मंत्रचळ लागला म्हणून घरचीं माणसें हसतात किंवा रागावतात. वस्तुतः हा हट्ट नव्हे. आपली शंका निराधार आहे हें रोग्याला बहुधा कळत असतें. कळूनहि ती सुटत नाहीं, हेंच त्याचें दुःख.

हा विकार बळावतो कसा? शंकेनें धास्ती उत्पन्न होते. हात धुतले कीं ती क्षणभर निवते. त्या क्षणिक समाधानानेंच संवय दृढ होते. खाजविल्यानें खाज वाढावी, तसेंच हें.

१९६६ सालीं लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांतील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनीं दोन रुग्णांच्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्याची धास्ती, त्याच्याच सान्निध्यांत रोग्याला ठेवावयाचें, आणि धास्ती शमविणारा विधि मात्र करूं द्यावयाचा नाहीं, ही त्यांची रीत. दोघांचेहि विधि पुष्कळ कमी झाले. तोंवर दुःसाध्य गणलेल्या विकारांत ही मोठीच आशा होती.

आज हा उपचार रोग्याच्या संमतीनें व पायरीपायरीनें करतात. भयांची चढती यादी करून सोप्यापासून आरंभ होतो. दाराच्या मुठीला हात लावावयाचा व न धुतां बसावयाचें. प्रथम जीव कासावीस होतो. पण धीर धरल्यास धास्ती हळूहळू ओसरूं लागते. न धुतांहि आपण निभावून नेलें, हा अनुभव जें शिकवितो तें शंभर उपदेशांनीं शिकवितां येत नाहीं. जरूर तेथें औषधांचीहि जोड देतात.

आतां घरच्यांविषयीं. "दार लावलें ना?" या प्रश्नाला दहा वेळां "हो" म्हणणें ही माया खरी, परंतु तीच शंकेला खतपाणी घालते. म्हणून एकाएकीं तुटकपणें नकार देणेंहि बरें नव्हे. तज्ज्ञाच्या सल्ल्यानें, रोग्याशीं आधीं बोलून, हीं उत्तरें क्रमाक्रमानें कमी करावीं. लज्जेमुळें असे रुग्ण वर्षानुवर्षें आपलें दुःख लपवितात. त्यांना तें निःसंकोचपणें सांगतां येईल असें घर आपण राखलें, तर उपचाराचें पहिलें पाऊल तेथेंच पडेल.